उद्यापन नसलेलं व्रत

चि. जयवंता,

तुझ्यावर लिहितेय म्हटल्यावर तू फोनवर म्हणालीस, "नको हो बाई, माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं." ते मी ऐकून घेतलं आणि लिहायला बसले. योगशिक्षकांविषयी जे छापून येतं ते मी वाचते. सगळे जन्मापासून शांत, सगळ्यांना कुठल्या तरी डोंगरावर गुरू भेटलेले. तू शांत नव्हतीस. तुझ्या वर्गात मागच्या रांगेत आम्ही बायका कुजबुजलो की तू खडू फेकून मारायचीस, आणि नेम चुकायचा नाही. तुझे गुरूही पुण्यात एका शाळेच्या जिन्याखाली भेटले. खरं काय झालं ते एकदा कागदावर येऊ दे. तुझी गोष्ट तुलाच सांगायला लागले तर तू मध्येमध्ये तोंड घालशील, म्हणून दुसऱ्या कुणाची सांगावी तशी सांगते. काही चुकलं तर नंतर भांड.

जयवंता शेळगावची, आबाजी आणि तानूबाई यांची थोरली. ती लहान असताना घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि घाटाखाली चालू लागायचं. पुढे कालव्याचं पाणी आलं, आबाजींनी मेंढरं विकून ऊस लावला, आणि पोरगी एका जागी बसून शाळा शिकली. एका जागी बसली म्हणायचं, पण पायाला भिंगरीच. इंदापूरच्या शाळेत खो-खो, बारामतीच्या कॉलेजात खो-खो. शेवटच्या वर्षी अंतिम सामन्यात गड्याला बाद करायला खांबावर झेपावली ती कंबरेवर आदळली. सामना जिंकला, पाठ गेली.

विहिरीतून पाणी शेंदता येईना, खाली वाकून भाकरी थापता येईना. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. खेड्यातल्या घरात विश्रांती कुठून आणायची? शिवाय लग्नाच्या पोरीची पाठ दुखते हे गावात कळलं तर संपलंच. तानूबाईंनी ते दुखणं झाकून ठेवलं आणि शिवणक्लासच्या नावाखाली पोरीला पुण्याला मावशीकडे धाडलं. मावशीच्या घराजवळ शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ योग शिकवायचे. बोलणं अगदी पोथीसारखं. पूरक, कुंभक, रेचक. पण हात लावला की कुठं दुखतंय ते त्यांना कळायचं. वर्ष होता होता पाठ सरळ झाली. आणखी वर्षभर त्यांच्या हाताखाली राहून ती शिकवायलाही शिकली, परीक्षा दिली आणि चौऱ्याण्णव साली आषाढात बारामतीला परत आली. मनात एकच, आपण वर्ग काढायचा.

आबाजींनी एकदम नाही म्हटलं नाही. ते कधीच एकदम काही म्हणत नाहीत.

"तुळशीची लग्नं लागेस्तोवर बघ," ते म्हणाले. "तवर वर्ग उभा ऱ्हायला तर ऱ्हा बारामतीला. न्हायतर बावड्याचं स्थळ हाय. पोरगा चांगला हाय, ट्रॅक्टर हाय."

"ट्रॅक्टरशी लग्न लावताय का आबा?"

"ट्रॅक्टर उलट बोलत न्हाय," आबाजी म्हणाले.

कालव्याकडच्या गल्लीत महिला मंडळाचं एक सभागृह होतं. सभागृह म्हणजे पत्र्याची मोठी खोली. ती सकाळच्या वेळी मिळाली. पहिल्या दिवशी जेमतेम एक रांग भरली. जयवंता गुरुजींच्या सुरात म्हणाली, "दक्षिण पाद वर उचला." दक्षिण म्हणजे उजवा, हे कुणाला ठाऊक? कुणी हललं नाही. मंडईत भाजी विकणाऱ्या रंगूबाई म्हणाल्या, "बाई, दक्षिणंला मुतारी हाय. तिकडं पाय करू का?"

त्या दिवशी तिनं गुरुजींची भाषा गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ताडासन म्हणजे "माळ्यावरचा डबा काढायचाय, आणि स्टूल सापडत नाहीये." श्वास सोडायचा तो "फुंकणी मारता तसा, ओलं सरपण आहे, दमानं." पाठ ताठ ठेवायची ती "डोक्यावर भरलेली घागर असल्यागत." बायकांना हे सगळं जन्मापासून येत होतं. फक्त दोन्ही बाजूंनी सारखं करायचं आणि मध्ये थांबायचं, एवढंच शिकायचं होतं. पवनमुक्तासनात नेमकं काय मुक्त होतं हे उमगल्यावर दोन दिवस वर्ग हसत होता. जयवंता ओरडायची, "हसू नका, पोट आत घ्या," आणि मग तर कुणाला आवरायचंच नाही.

तरी वर्ग वाढेना. सकाळच्या वेळी सुनेला घराबाहेर कोण सोडणार? आणि मग श्रावणात एकाएकी गर्दी झाली. सभागृह पुरेना. हे असं कसं झालं ते जयवंताला कळायला आठवडा लागला.

झालं होतं ते असं. सुप्रिया नावाची एक सून वर्गाला यायची. घरचा ऊस, सासरे कारखान्याचे सभासद, पोरांच्या शाळेसाठी बारामतीत बंगला बांधलेला, आणि घरात सासूबाईंचं, म्हणजे द्वारकाबाईंचं, राज्य. जयवंताने पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, आंघोळ करून या, उपाशीपोटी या, चहासुद्धा नको, आदल्या रात्री मटण नको, आणि आल्यावर गप्प बसा. सुप्रियाने घरी जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं. द्वारकाबाईंनी विचारलं, "कसलं गं व्रत हे?" सुप्रिया गप्प राहिली. तिचं गप्प राहणं द्वारकाबाईंना व्रताला शोभेसंच वाटलं. त्यांनी गल्लीत सांगितलं. गल्लीतल्या सासवांनी आपापल्या सुना धाडल्या. व्रताला कोण अडवतं?

वर्ग संपल्यावर एकीनं डबा उघडला. त्यात वरीचा भात आणि दाण्याची आमटी. जयवंता बघतच राहिली.

"हे काय?"

"उपास सोडतेय बाई."

"अहो, कसला उपास? हा योग आहे. योगाला देवधर्म लागत नाही. मी आज सगळ्यांच्या घरी जाऊन सांगते."

रंगूबाईंनी तिचा हात धरला. "गप बसा. अवो, त्या शवासनात बघितलं का? घोरत्यात. सासरी दिवसाढवळ्या आडवं व्हायला मिळतंय व्हय कुणाला? तुमच्यामुळं मिळतंय. आता सांगायला जाल, आन उद्या ह्या खोलीत तुमी, मी आन ही पाल."

ते खरं होतं. शवासनात अर्ध्या बायका गाढ झोपायच्या. एकीचं तर म्हणणं, ती त्या तेवढ्यासाठीच येते, बाकीचे हातवारे म्हणजे तिकीट. जयवंता गप्प बसली. पण तिला ते खुपत राहिलं. पुण्याचे गुरुजी म्हणायचे, खोट्या पायावर आसन टिकत नाही. एकीकडे तिला वर्ग भरलेला पाहून बरं वाटायचं, आणि दुसरीकडे रोज सकाळी नव्या सुनेला घेऊन येणारी एखादी सासू दारातूनच हात जोडायची, तेव्हा तिची मान खाली जायची. गणपती गेले, नवरात्र झालं, दिवाळी आली. तुळशीची लग्नं तोंडावर आली. आठच दिवस काढायचे, मग आबांना भरलेली खोली दाखवायची, एवढंच तिनं ठरवलं होतं.

आणि पाडव्यानंतर द्वारकाबाई आल्या. नऊवारी, हातात ताट, ताटात नारळ, खण, हळदकुंकू. पाठीमागं डबे घेतलेली सुप्रिया, चेहरा पांढराफटक.

"मास्तरीणबाई," द्वारकाबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या, "चार म्हैने झालं. सुनेचं व्रत नीट पार पडलं. उद्यापन करून टाकू. पुरणपोळ्या आणल्यात. आता सांगा, ह्या व्रताचा देव कंचा? आन कहाणी कंची? कहाणी ऐकल्याबिगर उद्यापन व्हत न्हाय."

बायका जयवंताकडे, जयवंता पत्र्याकडे. आठ दिवसांसाठी एखादी कहाणी रचणं काही अवघड नव्हतं. देवांची कमी नाही. एखादा शंकर घालायचा, एखादी गरीब ब्राह्मणीण, घोटभर तीर्थ, संपलं.

"आटपाट नगर होतं," तिनं सुरुवात केली. मग थांबली. मग म्हणाली, "नाही. नगर नव्हतं. शेळगाव होतं."

"आमच्या शेजारचं शेळगाव?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"तेच. तिथं एक मेंढका होता, त्याला एक मुलगी. ती फार धावायची. एक दिवस धावता धावता पडली, तिची पाठ गेली."

"हूं," द्वारकाबाईंनी हुंकार भरला. कहाणीला हुंकार द्यावाच लागतो.

"आईनं ते लपवलं. मुलीला पुण्याला पाठवलं. तिथं जिन्याखाली एक म्हातारे भेटले."

"देव व्हता तो. रूप घेतलं."

"नाही, टपाल खात्यात होते. त्यांनी रोज सकाळी उपाशीपोटी तिला वाकवलं, ताठ केलं. ती रडायची. ते म्हणायचे, रड, पण श्वासाची लय सोडू नकोस. वर्षभरात पाठ बरी झाली."

"हूं. मग? देव कवा परसन्न झाला?"

जयवंता म्हणाली, "झाला नाही, आत्याबाई. पाठ बरी झाली, एवढंच. ती मुलगी मीच. आणि हे व्रत नाही. याला देव नाही, कहाणी नाही, उद्यापन नाही. तुमचा समज झाला तेव्हाच मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सुनांना तुम्ही पाठवलं नसतं. सुप्रियाला बोलू नका. चूक माझी."

कोपऱ्यात कुणीतरी डब्याचं झाकण पाडलं. ते फिरत फिरत द्वारकाबाईंच्या पायाशी येऊन थांबलं.

"म्हंजी," द्वारकाबाई सावकाश म्हणाल्या, "चार म्हैने मी ह्या बयेसाठी पहाटं उठून शेंगदाणं कुटलं, ते उगंच?"

"आत्याबाई…" सुप्रिया.

"तू गप. ही उपाशी, म्हणून हिच्या वाटची धुणीबी मीच धुतली." त्यांनी जयवंताकडे नजर वळवली. "पाठ बरी झाली म्हंतीस? सोंग न्हाय ना?"

जयवंता उभी राहिली, पदर खोचला, वाकून दोन्ही तळवे जमिनीला टेकवले आणि तशीच राहिली. मग सावकाश उठली.

द्वारकाबाईंनी आपल्या गुडघ्यांवर हात ठेवला.

"हे गुडघं जिना चढू देत न्हायत. माडीवर ह्या दिवाळीत गेले न्हाय. हितं काय व्हईल?"

"खुर्चीत बसूनच करायचं तुम्ही. जिना लगेच नाही सांगत. पण सकाळी उठताना कमी दुखेल."

"खोटं न्हाय ना बोलत? आत्ताच एक झालंय."

"नाही."

"मग हे ताट उचल," द्वारकाबाई सुप्रियाला म्हणाल्या. "नारळ घरच्या देवाला फोड. पोळ्या वाट हितंच. उद्यापन न्हाय करायचं."

"म्हणजे… बंद?" सुप्रियानं विचारलं.

"आगं येडे, उद्यापन केलं की व्रत सुटतं. सोडायचंच न्हाय तर उद्यापन कशाला? आन घरी तुझ्या सासऱ्यानं इचारलं तर व्रतच हाय म्हणायचं. योग म्हनलीस तर म्हनंल, झाडताना वाकतीसच की, तोच योग." मग बायकांकडे वळून, "तुमच्या सासवांस्नी मी बघते. त्यास्नीबी गुडघं हायतच की."

रंगूबाई मोठ्यानं हसल्या, आणि मग सगळी खोली. जयवंता भिंतीला टेकून खाली बसली. कुणीतरी तिच्या हातात पुरणपोळी दिली. ती रडत होती आणि खात होती, आणि पोळी चांगली झाली होती.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आबाजी आले. दारात चपला मावत नव्हत्या. आत मागच्या बाजूला खुर्च्यांची एक रांग, त्यात सासवा, पाय पुढे करून घोटे फिरवताहेत. द्वारकाबाई मध्यभागी, जणू सभेच्या अध्यक्ष. आबाजींनी टोपी काढून परत घातली. बावड्याला त्यांनी काय निरोप धाडला ते माहीत नाही, पण ट्रॅक्टरचं नाव पुन्हा निघालं नाही. दुसऱ्या वर्षी इंदापूरला वर्ग सुरू झाला. जयवंता सकाळी बारामती, दुपारच्या एस.टी.ने इंदापूर. इंदापूरच्या बायकांना तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे व्रत नाही." त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण घरी काय सांगायचं? याच्या उत्तरासाठी ती त्यांना द्वारकाबाईंकडे पाठवून द्यायची.

झालं. फार झालं तर हे, की तू चांगली शिकवायचीस, आणि खरं बोलल्यावर जास्त चांगली शिकवू लागलीस. खडू मात्र फेकत राहिलीस.

आणि एक राहिलं. मंडळाच्या त्या फरशीवर थंडीत माझी कंबर गारठायची. तू म्हणालीस, बाई, आमच्याकडं आईनं कातलेल्या लोकरीचं एक घोंगडं आहे, काळंभोर, ते तुमच्यासाठी काढून ठेवायला सांगते. पण पोस्टानं नाही, आपण दोघी शेळगावला जाऊ, आई तुम्हाला जेवल्याशिवाय सोडायची नाही. रविवार ठरला. तुझा इंदापूरला वर्ग निघाला. दुसरा रविवार ठरला, तेव्हा मी स्टँडवर तुझी वाट बघून कंटाळले आणि घरी निघून आले. तिसऱ्यांदा ऊसतोड चालू होती. तानूबाईंनी त्या घोंगड्यात डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्यात म्हणे. मी अजून शेळगाव पाहिलेलं नाही.