हुलग्यांवरचा धोंडा

चांद्याच्या बाजारात कोपऱ्यावर एक मावशी मोड आलेले हुलगे विकायला बसायची. बोलताना एक तळवा ढिगावर दाबून धरायची, जणू ढीगच उठून जाईल.

डॉक्टरांनी मला प्रोटीन वाढवायला सांगितलं होतं, आणि मी मटण-अंडी खात नाही. "मावशी, नुसत्या कडधान्यानं अंगात ताकद येते?"

ती खळखळून हसली. "मोड काढताना वर धोंडा ठिवायचा, ताई. दोन दिसांनी बघा, धोंडा उचललेला आसतोय. उगंच उसळ म्हनत्यात व्हय तिला?"

मला थापच वाटली. तरी घरी भिजवलेले हुलगे पातेल्यात घालून वर आत बसेल अशी ताटली ठेवली, ताटलीवर वरवंटा.

दोन दिवसांनी ताटली वरवंट्यासकट पातेल्याच्या काठाशी आली होती.

ती उसळ खाताना मी आपोआप ताठ बसले.