दामूचा कावळा

"अरं, सांगा की त्याला कोन तरी! खुनी सापडंल म्हनून सांगा!"

दामूचा थोरला भाऊ गणपतदादा नदीकाठी असा ओरडत होता, की पलीकडच्या म्हशी चरायच्या थांबल्या. दहाव्याचा पिंड मांडलेला, अख्खं कडाव गाव जमलेलं, आणि कावळा करंजावर ढिम्म. दामूला मुंबईत, त्याच्याच कार्यालयाच्या दारात, भर दुपारी गोळ्या घातल्या होत्या... दहा दिवस उलटले, तरी मारणारा अजून मोकळाच होता.

दामू माझा बालमित्र. लहानपणी खळ्यावर उभा राहून भाषण ठोकायचा, तेव्हा ऐकायला बैल यायचे. ही थाप नव्हे. थाप एवढीच, की ते टाळ्या वाजवायचे. खोपोलीच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो मुंबईला गेला आणि नगरसेवक झाला, तेव्हा आमच्या छात्या इतक्या फुगल्या की गावात शर्टांची बटणं मिळेनात! पालिकेच्या सभागृहातही गडी आपल्याच बोलीत बोलायचा. एक जण हसून म्हणाला, "नाही म्हणा हो, नाय काय?" दामू म्हणाला, "तुमचं नाही पैशावर फिरतं सायेब. आमचं नाय फिरत नाय."

वस्तीतल्या पोरांचं एक मैदान बिल्डरला हवं होतं. त्यालाही दामूनं तेच ऐकवलं. धमक्या आल्या, तरी तेच. संशय सगळ्यांना एकच, पुरावा कुणाकडेच नाही. आता त्याच्या जागेवर पोटनिवडणूक लागणार होती, आणि भीतीनं कुणी उभं राहायला तयार नव्हतं. म्हणजे मैदान गेल्यातच जमा.

मेलेल्याच्या मनातली इच्छा पुरी करायचा शब्द दिला की कावळा पिंडाला शिवतो, हे मुंबईच्या पुढाऱ्यांना कुणीतरी सांगितलं होतं. एकानं चौकाला नाव देतो म्हणून हात जोडले. दुसऱ्यानं पुतळा कबूल केला. पुतळा ऐकून कावळ्यानं पाठच फिरवली. मग दादानं तपासावरच्या साहेबांना दंडाला धरून पुढं आणलं. साहेब कावळ्याकडं बघत म्हणाले, "तपास योग्य दिशेनं चालू आहे." कावळा भुर्रकन नदीपार!

"दिशा चुकली वाटतं, सायेब!" मागून कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात दामूची बायको, शेवंतावैनी, उठली. पदर खोचून पिंडापाशी बसली, काहीतरी पुटपुटली... आणि कावळा आला. रसायनीपासूनचे सगळे कावळे आले, असं मी गावभर सांगतो. आला एकच, पण पिंडाचं शीत ठेवलं नाही.

वाटेत मी विचारलं, "वैनी, असं काय बोललीस गं त्याला?"

"तुमच्या जागंवर मी उभी ऱ्हाते म्हनलं."