कुर्बानचाचांनी भरलेले तारे

अकोल्याच्या जुन्या शहरात खुशालरावांच्या फोटो स्टुडिओत कुर्बानचाचा निगेटिव्हच्या काचा दुरुस्त करायचे. फोटो काढताना काचेवर धूळ बसली की तिथं कोरा ठिपका राहतो आणि छापल्यावर चेहऱ्यावर काळा डाग उमटतो. बारीक ब्रशानं असे ठिपके शाईनं भरायचे, हे चाचांनी तीस वर्षं केलं. माझ्या आईच्या तोंडावरचे देवीचे व्रणही त्यांनीच घालवले होते. फोटो पाहून आईनं विचारलं होतं, ही बाई कोणाची?

चौसष्ट साली चाचांची नजर उतरत चालली होती. आणखी एक काच बिघडली तर घरी बसायचं, असं खुशालरावांनी बजावलं होतं. हे मला ठाऊक होतं.

मी अमरावतीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. दोन उन्हाळे खर्चून वृश्चिकाजवळच्या आकाशगंगेची एकच काच मला साधली होती. ती एका वेधशाळेला पाठवून तिथं शिरकाव करून घ्यायचा होता. काचेवर तारे काळे ठिपके होऊन उमटतात; त्यांच्या गर्दीत मधोमध एक रिकामी जागा दिसत होती. ती रिकामी नव्हती, तिथं धूळ होती. तिच्या गार आडोशाला कणांवर वायूचे अणू जोडीनं जमतात, त्यांचे रेणू होतात, आणि तो सगळा ढग आकसून तारे जन्मतात, अशी तेव्हा काही विद्वानांची अटकळ होती.

चाचांना मी फक्त कडेचे दोन ओरखडे घालवायला सांगितलं. पण शहाणपण मिरवायची माझी खोड! मधल्या जागेवर बोट ठेवून म्हणालो, "चाचा, इथं धूळ आहे बरं का. खरं महत्त्व हिचंच." आणि एस.टी. गाठायला पळालो.

आठ दिवसांनी पाहिलं तर ती जागा ताऱ्यांनी भरलेली. एकेक टिपलेला, कुठं दाट, कुठं विरळ, अगदी खऱ्यासारखा. शाई काचेवरच्या थरात मुरली होती, आता ती निघणार नव्हती.

मी भर दुकानात ओरडलो. आंधळे झालात तर घरी बसा, असंही म्हणालो.

"तुमीच त सांगतलं मास्तर, तिथं धूळ हाये म्हणून," चाचा पुटपुटले.

खरंच होतं. पण खुशालरावांसमोर मी ते कबूल केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चाचांचं काम सुटलं.

माफी मागायला जायला मला पाच महिने लागले. दार त्यांच्या मुलीनं, बिल्कीसनं उघडलं. ते आठ दिवस अब्बा सकाळपासून भिंगाला डोळा लावून बसायचे, असं ती म्हणाली. आता त्यांना काहीच दिसत नव्हतं. मी त्यांना त्या धुळीची सगळी हकीकत सांगितली. ती तेव्हाच सांगायला हवी होती.

"म्हंजे तिथं तारे होणारच हायेत," चाचा म्हणाले. "मी जरा लवकर भरले." मग माझा हात चाचपून धरत म्हणाले, "हे खुशालरावले सांगा, मास्तर. चूक माही नोयती म्हणा. मंग ते मले परत घेतीन."

मी तसाच दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. खुशालरावांनी ऐकून घेतलं. चाचांच्या जागेवर दुसरा माणूस बसला होता आणि कोणाच्या तरी गालावरची धूळ भरत होता.