ओलं कुंकू मेणावर ठरत नाही

यंदा दसऱ्याला, पडेगावला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी रडायच्या बेतात होते... आणि थोड्याच वेळात पोट धरून हसत होते. कारण एकच. कार वॅक्स.

माझी गाडी सेकंड हँड आहे, पांढरी, पण आमच्या घरातली पहिली चारचाकी. पदवीही घरात पहिली माझीच. त्यामुळे दोन्हींवर ओरखडा येऊ नये असं मला सतत वाटत असतं...

त्यात मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्टवरचे डाग शोधायचे, हेच काम. घरी आल्यावरही डोळे तेच करतात.

आई-अण्णा फुलंब्रीजवळच्या गावाहून पूजेला येणार होते. आईने फोनवर बजावून ठेवलं होतं, "बॉनेटवर स्वस्तिक मी काढणार. तू मधी मधी करायचं नाय." किती दिवसांपासून तिच्या मनात ते होतं, मला माहीत होतं.

आणि इथेच माझी झोप उडाली. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या पांढऱ्या गाडीवर मागच्या दसऱ्याचं स्वस्तिक अजून फिकट गुलाबी दिसतं. घासूनही गेलं नाही. आता आईला "कुंकू लावू नको" म्हणायचं कोणत्या तोंडाने? आणि न म्हणावं तर...

मग वाचलं की पेंटवर वॅक्सचा थर असेल तर डाग आत मुरत नाही, वरच्यावर राहतो. सुटले! आईला काही सांगायलाच नको.

दुकानात स्प्रे होता, लिक्विड होतं, आणि चपट्या डबीतलं घट्ट वॅक्सही होतं. स्प्रे सोपा पण लवकर उतरतो, घट्ट वॅक्सला मेहनत पण ते टिकतं. मी इतके प्रश्न विचारले की दुकानदार म्हणाले, "मॅडम, गाडीकू लगाना है या पेपर देना है?" घट्टवालं घेतलं.

डबीवरच्या सूचना दोनदा वाचल्या. ही सवय लहानपणची. घरात औषधाच्या बाटलीपासून फवारणीच्या डब्यापर्यंत सगळं मीच वाचून दाखवायचे, आणि एखादी ओळ सुटू नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

पूजेच्या आदल्या दिवशी गाडी धुतली, पुसून कोरडी केली, सावलीत घेतली. काळ्या प्लास्टिकवर वॅक्स लागलं तर पांढरट दिसतं, म्हणून तिथे टेप लावली. आधी पेट्रोलच्या झाकणाच्या आत थोडं लावून बघितलं... मग छोट्या छोट्या गोलात, अगदी पातळ. वाळून धुरकट झालं की मऊ फडक्याने पुसायचं. शेवटी बॉनेटमध्ये माझाच चेहरा दिसला, बऱ्याच दिवसांनी निवांत.

दुसऱ्या दिवशी आईने वाटीत कुंकू कालवलं, पदर खोचला आणि पहिली रेघ ओढली. रेघ उमटलीच नाही. कुंकवाचे थेंब थेंब झाले आणि बॉनेटवरून घरंगळत खाली.

तिने पुन्हा ओढली. पुन्हा तेच. आईचा चेहरा उतरला. "ठरंना गं माय... पहिल्याच पूजेला कुंकू ठरंना."

"गाडीला लाल रंग पसंत नाय दिसत," अण्णा म्हणाले. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते लगेच झेंडूची माळ सोडवायला लागले.

डाग टाळायला गेले आणि आईच्या मनात भलतंच भरवून बसले... म्हटलं, "आई, गाडीचा दोष नाही. मी काल मेण लावलंय तिला."

"मेण?" आई थांबली. "दाव."

मी डबी दिली. तिने वास घेतला, बोटाने दाबून बघितलं आणि जी हसायला लागली! "अगं येडे, मेणावर ओलं कुंकू ठरतं व्हय? कोरडं लागतंय! माझी आजी रोज लावायची. आधी कपाळाला मेणाचा गोल, मग त्यावर कोरडं कुंकू दाबायचं. दिवसभर रानात घाम गाळला तरी हालत नव्हतं." तिचं हसू बघून मीही पोट धरून हसायला लागले.

बॉनेट पुसून तिने डबीतलं वॅक्स बोटावर घेतलं आणि त्यानेच स्वस्तिक काढलं. वरून चिमटीने कोरडं कुंकू दाबत गेली. असं रेखीव उमटलं की शेजारच्या काकू आपल्या गाडीसाठी डबी मागायला आल्या.

जुनी आठवण इतकी ताजी झाली होती की आई तेच बोट स्वतःच्या कपाळाकडे न्यायला लागली. मी ओरडलेच, "आई, ते माणसांचं नाही! डबीवर लिहिलंय!"

"बघा, वाचलं हिनं," आई अण्णांना म्हणाली. हे ती माझ्या पहिलीपासून म्हणत आलीय, त्याच सुरात.

नारळ फोडून झाल्यावर हळूच विचारलं तिने, "डाग पडंल म्हणून लावलं व्हतं ना मेण?" मी मान हलवली. "मग तोंडानं सांगायचं की. मी काय गाडीची वैरी हाय? टिकलीएवढं काढलं असतं."

इतकं सोपं होतं... आणि मी किती रात्री जागले!

खरं तर आता एक कोपरा पुसून बघायला हवं, खाली डाग राहिलाय का ते. रोज सकाळी फडकं हातात घेते, स्वस्तिकापाशी थांबते, आणि बाजूची धूळ तेवढी पुसून कामावर जाते.