थोरली, धाकटी आणि मिस्टर सूटर

आमच्या जिन्यावर अशी बोलवा होती की वॉटी सूटरनी बायकोला केअर होममध्ये टाकलं आणि तिच्या खोलीत अमेरिका आणून ठेवली. बोलवा तळमजल्यावरच्या मिसेस पेट्रींची. बोलताना त्या मान कासवासारखी आत ओढतात आणि शेवटचा शब्द श्वास आत घेत म्हणतात, "लाखो पौंड गं, लाखो! आणि मेला पिवळ्या चिठ्ठीचा, अर्ध्या किमतीचा शिळा ब्रेड खातो." ही नक्कल मी इतकी हुबेहूब करते की एकदा त्यांचंच मांजर माझ्या पायाशी येऊन दूध मागायला लागलं.

यातला शिळा ब्रेड खरा. अमेरिकाही खरी: मिसेस सूटरच्या पलंगावर गुंतवणूक ट्रस्टांच्या, म्हणजे लोकांच्या पैशातून दुसऱ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या कंपन्यांच्या, वार्षिक अहवालांचे ढीग होते, वरच्या मुखपृष्ठांवर न्यूयॉर्कच्या इमारती, खालच्यांवर कॅनडातल्या तेलाच्या नळ्या. बाकी सगळं खोटं. लाख होता, पण एकच, वर दहा हजार. आणि 'टाकलं' हा शब्द मिसेस पेट्रींनी मागे घ्यावा म्हणून मी पुष्कळ भांडले; त्या मागे घेत नाहीत.

मिस्टर सूटर एक्क्याऐंशीचे. अडतीस वर्षं डंडीच्या छापखान्यात यंत्रावर काढली, त्यात उजवा कान गेला. वडील तागाच्या गिरणीत कारकून. त्यांनी मागे ठेवलेल्या दोनच गोष्टी: एका जुन्या ट्रस्टचे शेअर, आणि एक नियम. लाभांश खा, मुद्दलाला हात लावू नका. मिस्टर सूटरनी साठ वर्षं हात लावला नव्हता. लग्नाच्या वेळी नाही, छत गळलं तेव्हा नाही.

मिसेस सूटरची स्वतःची शिल्लक केअर होमनं दोन वर्षांत संपवली. मग कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, खर्च उचलला, पण आपल्या दरानं. हे ब्रॉटी फेरीचं होम, जिथं त्या खिडकीतून टे नदीवरची भरती-ओहोटी बघत बसायच्या, त्याहून महाग. आठवड्याला जवळजवळ एकशे सत्तर पौंडांनी. कौन्सिलचं पत्र आलं: फरक कोणीतरी भरा, नाहीतर बाईंना ब्रेखिनला हलवू, तिथं आमच्या दरात खोली आहे. म्हणजे भेटायला जायला दोन बस. आणि बसचं एक वेळ राहू दे, इस्पितळातून या होममध्ये आणलं तेव्हा मिसेस सूटरनी तीन आठवडे तोंड उघडलं नव्हतं, घासालाही नाही. डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या होत्या, आणखी एक हलवाहलव त्यांना झेपायची नाही.

वर्षाला आठ हजार आठशे पौंड. जुना ट्रस्ट, ज्याला मिस्टर सूटर 'थोरली' म्हणत, शंभराला चार देई: चार हजार चारशे. नवा एक निघाला होता, तोही उत्तर अमेरिकेतलेच शेअर घेणारा, तो शंभराला आठ. ही 'धाकटी'. सगळे पैसे तिच्याकडे नेले तर बरोबर आठ हजार आठशे. जणू कोणी होमचं बिल समोर ठेवूनच तिला जन्माला घातलं होतं.

"तिथंच गोम आहे, पोरी," मिस्टर सूटर म्हणाले. "दोघींच्या पोटात तेच शेअर. अमेरिकन कंपन्यांचा हात आखडता. निवडून घेतले तरी शंभराला साडेतीन-चार. मग धाकटी आठ कुठून आणते?"

"चोरी करते?"

"विचारायला जायचंय. तू चल. मला ऐकू येत नाही, आणि तुला जरा जास्तच येतं."

भागधारकांच्या सभेत शिरायला मिळावं म्हणून त्यांनी धाकटीचे शंभर शेअर घेऊन ठेवले होते. एडिंबरोत एका हॉटेलात सभा होती. सॅल्मनची सँडविचं होती. (मी नऊ खाल्ली.) मंचावरचे अध्यक्ष प्रत्येक वाक्य इस्त्री करून, घडी घालून बाहेर काढायचे. मला ते इतके आवडले की मी ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर बोलायलाच लागले.

मिस्टर सूटर उभे राहिले. कोट लग्नातला असावा. "हे आठ टक्के येतात कुठून?"

"उत्तम प्रश्न," अध्यक्ष म्हणाले. "काही भाग मिळकतीतून. आणि उरलेला, भागधारकांच्या सोयीसाठी, भांडवलातून."

मी ते त्यांच्या डाव्या कानात सांगितलं.

"म्हणजे माझंच मुद्दल," मिस्टर सूटर म्हणाले, "लाभांशाची टोपी घालून मला भेटायला येतं?"

लोक हसले. अध्यक्षही हसले, इस्त्रीचं. "ते तुम्हाला योग्य आहे की नाही, हे तुमच्या मुदतीवर अवलंबून आहे. तुमची मुदत किती आहे, सर?"

हे त्यांना माझ्याशिवाय ऐकू आलं. मग ते खाली बसले, आणि ध्वनिक्षेपक पुढच्या माणसाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात मसुराचं सूप पीत होते. "तो काय म्हणाला ते परत म्हण," ते म्हणाले. "त्याच्या आवाजात."

मला काय, निमित्तच हवं. मी पाठ ताठ केली, बोटं जुळवली. "तुमची मुदत किती आहे, सर?"

"परत."

मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा भुवईसुद्धा वर नेली.

"सांगतो, सर," ते म्हणाले. माझ्याकडे बघून, पण मला नाही. "माझी बायको नेटा शहात्तरची आहे. त्यांच्या घरातल्या बायका नव्वदी गाठतात. फी दर एप्रिलला वाढते. अमेरिकेचा बाजार एकदा जरी आपटला, तर पैसे आठच वर्षं पुरतील. मग ब्रेखिन. म्हणून मी कागदावर चार वर्षं धरून बघितली. चार धरली की सगळं बसतं, सर. मला बरं वाटतं. कळतंय का? नेटा चार वर्षांत जाईल असं धरलं की मला बरं वाटतं."

मला अध्यक्षांचा चेहरा उतरवता येईना. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडातून निघालं तेही त्यांच्याच आवाजात. "आभारी आहे."

मिस्टर सूटरनी मान हलवली, जणू उत्तर पटलं. सूप गार झालं.

मग मी माझ्या आवाजात म्हणाले, "थोरलीकडेच राहा ना. कमी पडेल तेवढे तिचे शेअर विका. धाकटी तरी वेगळं काय करतेय?"

मी चर्चमध्ये थुंकले असते तरी त्यांनी असं बघितलं नसतं.

"आणि थोरली सोडलीत तर तोटाच आहे," मी रेटलं. "तुम्हीच सांगितलंत. तिच्या पोटातल्या पौंडाला बाजार एक्क्याण्णव पेन्स देतो. धाकटीच्या पोटातला पौंड एकशे दोनला. म्हणजे स्वस्तात विकून महाग घ्यायचं."

"हिशेब मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. पैज लावते. पाच पौंड. तुम्ही धाकटीकडेच जाणार. ती मुद्दल पडद्याआड कापते, तुम्हाला बघावं लागत नाही. स्वतःच्या हातानं विकणं तुमच्यानं व्हायचं नाही."

"लागली," ते म्हणाले.

कौन्सिलला शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी दलालाला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. वीस मिनिटं सनई की काय ते वाजत होतं. मग फोनवर एक मुलगी आली, नाकातून बोलणारी, गोड.

"किती शेअर, सर?"

"साडेतीनशे. थोरल... जुन्या ट्रस्टचे." तीन महिन्यांची तूट तेवढ्यात भागत होती.

"घ्यायचे की विकायचे?"

मिसेस सूटरच्या खोलीचं, त्या पलंगाच्या, दार उघडं होतं. ते तिकडे बघत राहिले. मला वाटलं, ठेवतात आता फोन.

"सर? आहात का?"

"विकायचे."

"झालं. आणखी काही?"

"तीन महिन्यांनी परत विकीन," ते म्हणाले. "आणि मग परत."

फोन ठेवल्यावर त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. नंतर कौन्सिलचा कागद ओढून सही केली. मिसेस सूटर खिडकीपाशी राहणार होत्या. कुठवर, तो रकाना त्या कागदावर नव्हता.

मी पाच पौंडांची नोट त्यांच्यापुढे ठेवली. आधी दोनदा मी पैज हरले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी हसून नोट माझ्याच खिशात कोंबली होती. या वेळी त्यांनी ती घडी करून पाकिटात ठेवली.