दोन वर्षांनी कोण कुठे

बायकोची बदली झाली म्हणून आम्ही म्हैसूरला आलो. चामराजपुरमला घर घेतलं. मराठी वर्तमानपत्राच्या बातमीदाराला इथे काम असण्याचं कारण नव्हतं. काही महिन्यांनी एका छोट्या संस्थेने विचारलं: विद्यापीठातल्या संशोधकांना भेटून त्यांच्या कामाच्या परिस्थितीबद्दल आणि पुढच्या वाटचालीबद्दल ठरलेले प्रश्न विचाराल का? उत्तरं जशीच्या तशी उतरवायची. तोवर कामापुरती कन्नड येऊ लागली होती. मी हो म्हटलं.

प्रश्न विचारणं अंगवळणी होतं. एक सवय मात्र सोडावी लागली. बातमीदार एकाचं बोलणं दुसऱ्यासमोर ठेवतो आणि त्यातून तिसरी गोष्ट बाहेर काढतो. इथे तेच वर्ज्य होतं. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही. आवाजातूनसुद्धा नाही."

भातावरच्या करपा रोगावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत हा नियम कसाला लागला. एरवी आम्ही आधी मार्गदर्शकांना भेटत असू आणि मग विद्यार्थ्यांना. इथले सर परीक्षेच्या पेपरतपासणीत अडकले होते, म्हणून विद्यार्थी आधी झाले.

एक प्रश्न असा होता: गेल्या वर्षभरात मार्गदर्शकांनी तुमच्या पुढच्या वाटचालीविषयी तुमच्याशी चर्चा केली का? पहिल्या चौघांनीही हो म्हटलं.

"कधी केली?" मी एकाला विचारलं.

"रोज."

"कुठे?"

"कॉफीला."

दुपारी सर सगळ्यांना कॅन्टीनला नेत. तिथे बाय-टू कॉफी मागवली जाई, म्हणजे एक कप दोघांत. कोणी कोणाबरोबर अर्धी घ्यायची ते सर ठरवत. बोलणं बन्नूरच्या, म्हणजे त्यांच्या प्रयोगाच्या शेतांवरच्या, पावसाचं, बंद पडलेल्या फ्रीजचं, क्रिकेटचं.

"आणि पुढच्या वाटचालीचं?"

"सर म्हणतात, काळजी करू नका, सगळं होईल."

"याला चर्चा म्हणायचं?"

"मग आणखी कशाला म्हणतात, सर?" त्याने मनापासून विचारलं. मी 'हो'वर खूण केली.

पाचवी सगळ्यांत ज्येष्ठ. तिचा प्रबंध सादर झाला होता, शिष्यवृत्ती संपत आली होती, आणि तरी प्रयोगशाळा तिच्याच जोरावर चालत होती. ती काचेच्या बशांमध्ये बुरशी लावत होती. ते काम मध्येच सोडता येत नसल्यामुळे मी शेजारी स्टुलावर बसून विचारू लागलो. तेवढ्यात फोन वाजला. तिने तो खांद्याने कानाशी धरला. "आई, नंतर करतो गं. उगं सुम्ने काळजी करू नको."

मी म्हटलं, "तुम्ही मराठी?"

"आम्ही इथलेच. अप्पांचं टेलरिंगचं दुकान आहे. घरात मराठी बोलतो, पण निम्मी कन्नडच. हसू नका, काका."

त्यानंतरची उत्तरं मराठीत आली. वाटचालीच्या प्रश्नाला तिने सरळ 'नाही' म्हटलं. त्या प्रयोगशाळेतलं ते पहिलं 'नाही'.

"आणि कॉफी?"

"कॉफी होते की रोज. अर्धी." तिने एक बशी झाकली. "काका, हे लिहू नका. म्हणजे लिहा, पण सांगू नका."

हैदराबादच्या एका संशोधन केंद्रात तिची निवड झाली होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि सोबत सरांचं पत्र लागणार होतं. सरांना तिने अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"रागावतील म्हणून?"

"ओरडणारे असते तर कधीच सांगितलं असतं. आमचे सर ओरडत नाहीत, गप्प बसतात. बन्नूरचे शेतकरी त्यांना ओळखत नाहीत, मला ओळखतात. पुढच्या हंगामाचे प्लॉट माझ्यावर आहेत. ते गप्प बसले की मीच म्हणणार, राहू दे सर, मी नाही जात. माझं मला माहीत आहे, अल्वा? खरं ना?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही सांगता येत नाही."

"सरी, असू दे," ती म्हणाली. "तुम्ही पण गप्प बसणाऱ्यांतलेच."

शुक्रवारी सर भेटले. पूर्वी मी बातमीदार होतो, हे ओळख करून देतानाच त्यांना सांगितलं. त्यांच्या टेबलावर भाताच्या लोंब्यांच्या जुड्या होत्या, त्यांनाही बशांवर होत्या तशाच, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. सर प्रत्येक प्रश्नाला सावकाश, पूर्ण वाक्यात उत्तर देत होते. होता होता मार्गदर्शकांसाठीचा प्रश्न आला: तुमचा प्रत्येक विद्यार्थी दोन वर्षांनी कुठे असेल, असं तुम्हाला वाटतं? त्याला जोडून: कोणत्या पदावर? आधीचे प्रश्न ज्या आवाजात विचारले, त्याच आवाजात मी हाही वाचला. एवढी खात्री मी देऊ शकतो.

सर बोटांवर सांगू लागले. एक जण एच. डी. कोट्याला, गावाजवळच्या कॉलेजात प्राध्यापक. दुसरा परदेशात, पोस्टडॉक. तिसरी सरकारी परीक्षा देऊन कृषी अधिकारी. चौथ्याचा प्रबंधच तोवर चालू असेल, असं म्हणून ते हसले.

"आणि ती? ती इथेच."

"कोणत्या पदावर?"

"पद..." सरांनी एक लोंबी उचलली आणि परत ठेवली. "बघू. काहीतरी करू."

मी लिहिलं. सर वाकून कागद उलट्या बाजूने वाचू लागले.

"तसंच लिहिलंत?"

"जसंच्या तसं लिहायचं असतं. बदलायचं असेल तर बदलता येईल."

"वाईट दिसतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ती तुमच्याशी काही बोलली?"

"कोणाचं बोलणं मी कोणाला सांगत नाही."

"म्हणजे बोलली."

"म्हणजे सांगत नाही. तुमचंही तिला सांगणार नाही."

"पेपरवाले!" सर म्हणाले. उठून दार उघडलं आणि तिला हाक मारली. मी कागद आवरू लागलो. "बसा, बसा. प्रश्न तुमचाच आहे."

ती हातमोज्यांसकट आली. सरांनी माझ्या पुढ्यातला कागद स्वतःकडे वळवला, चष्मा वर सारला आणि जसा लिहिला होता तसाच प्रश्न वाचला. दोन वर्षांनी कुठे, कोणत्या पदावर?

तिने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे.

"हैदराबादला, सर," ती म्हणाली, आणि पदाचं नाव सांगितलं.

सर गप्प बसले. तिने वर्णन केलं होतं तसेच, हात टेबलावर, नजर खिडकीबाहेर. आता तिच्या तोंडून कोणतं वाक्य येणार, हे तिनेच मला आधी सांगितलं होतं: राहू दे सर, मी नाही जात. तिने तोंड उघडलं. मग मिटलं, आणि एकेक बोट सोडवत हातमोजे काढू लागली.

"कळवायचं कधी?" सरांनी विचारलं.

"सोमवारी. तुमचं पत्र लागेल."

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"मग मला कधी सांगणार होतीस? मंगळवारी?"

"तुम्ही गप्प बसला असता, सर."

"मी? मी कधी गप्प बसतो?" असं म्हणून ते पुन्हा गप्प झाले. दाराबाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. तीही हसली.

"पत्र लिहून आणते," ती म्हणाली. रीत तशीच आहे. शिफारसपत्र विद्यार्थी लिहून आणतो, मार्गदर्शक सही करतो.

"तू कशाला? तू कमी लिहिशील. मी लिहितो." त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला. "पण आधी सांग, तिथे बुरशी कोणत्या तापमानाला वाढवतात?"

तिने सांगितलं. सरांना ते पटलं नाही. ती टेबलाशी वाकली, सरांनी लोंबीची जुडी सोडली आणि दोघं भराभर कन्नडमध्ये वाद घालू लागले. तेवढी वेगवान कन्नड मला झेपत नाही. माझे दोन प्रश्न उरले होते. मुलाखतीवर 'अपूर्ण' असा शेरा मारून मी बाहेर पडलो. दाराशी उभ्या असलेल्या दोघांनी वाट करून दिली.

काही आठवड्यांनी उरलेले प्रश्न विचारायला गेलो. ती हैदराबादला रुजू झाली होती. सरांच्या चपलांना चिखल होता. सकाळीच ते बन्नूरच्या बसने जाऊन आले होते आणि एका शेतकऱ्याने, मॅडम कुठे आहेत, म्हणून त्यांना बांधावरच अडवलं होतं. हे त्यांनी मोठ्या रंगात सांगितलं.

मी शेवटचा प्रश्न वाचला: एकूण कामाच्या परिस्थितीबद्दल आपण समाधानी आहात का?

"समाधानी," सर म्हणाले. मी खूण करेपर्यंत थांबले. "आणि खाली लिहा, एक माणूस कमी आहे."