एब्रामचा सढळ हात

माझ्या नवऱ्याला, एब्राम लेप्कीला, आमच्या गावात कुणी काही सांगायला जात नाही. पालथ्या घड्यावर पाणी. एकेचाळीस वर्षं त्याने ट्रॅक्टर आणि कापणीची यंत्रं दुरुस्त केली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर गॅरेजमध्ये जुने कॉम्प्युटर उघडून बसला. त्याच्या लेखी दोन्ही एकच. “प्रोसेसर म्हणजे इंजिन, त्याच्या डोक्यावरची ही ॲल्युमिनियमची जाळी म्हणजे रेडिएटर, आणि पंखा म्हणजे पंखा. यात शिकण्यासारखं काय आहे?” चर्चच्या ऑफिसातले, शाळेतले, म्हाताऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरातले पंधरा-वीस वर्षांचे डबे त्याने जिवंत ठेवलेत, हे मात्र मला मान्य करावं लागतं. गॅरेजच्या भिंतीवर त्याने खडूने लिहून ठेवलंय: साठ अंशांच्या आत असेल तर झोप काढ. सत्तरला कान टवकार. ऐंशीला डबा उघड. नव्वदला देवाचं नाव घे.

नव्वदच्या पुढे हे डबे स्वतःच बंद पडतात, आतलं काही जळू नये म्हणून. घरचा कॉम्प्युटर असेल तर पाच मिनिटं थांबायचं, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचं. पण माझ्या जावेच्या, सुझानाच्या कॉम्प्युटरला थांबायची सोय नाही.

सुझाना ही एब्रामच्या धाकट्या भावाची, कॉर्नीची बायको. कॉर्नी तीन वर्षांपूर्वी गेला आणि मागे टर्कीची हॅचरी ठेवून गेला. उबवणीचं मोठं कपाट, त्यात हजारो अंडी, आणि त्यावर नजर ठेवणारा जुनाट कॉम्प्युटर. कपाट तापलं की तोच थंड पाण्याचा नळ उघडतो, गार झालं की बंद करतो. ते काम करणारा प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर चालत नाही, आणि तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली. लोकांना वाटतं, अंड्यांना नुसती ऊब द्यायची असते. सुरुवातीला द्यावीच लागते. पण शेवटच्या दिवसांत आतली पिल्लं स्वतःच एवढी तापतात की त्यांना गार ठेवणं हेच काम होऊन बसतं.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी दहाला सुझानाचा फोन आला.

“ट्रूडी, डबा बंद पडलाय. पुन्हा लावला तर दहा मिनिटांत पुन्हा बंद. आज पंचविसावा दिवस आहे गं!”

टर्कीची पिल्लं अठ्ठाविसाव्या दिवशी बाहेर येतात. म्हणजे कपाटात चार हजार जीव कवचाच्या आत तयार होऊन बसलेले, आणि बाहेर सकाळीच चौतीस अंश. एब्रामने हत्यारांची पेटी उचलली.

आम्ही पोचलो तेव्हा सुझाना पाण्याच्या नळाचं चाक धरून उभी होती. नळ हाताने चालवता येतो, पण मग पाणी खालच्या रांगांना जास्त लागतं आणि वरच्या रांगा तापत राहतात. मी कपाटाच्या काचेला नाक लावून वरचा थर्मामीटर वाचायला लागले. असायला हवा सदतीस. होता सदतीस पूर्णांक आठ. एकोणचाळीसच्या पुढे पिल्लं आतल्या आत मरायला लागतात, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

एब्रामने मात्र नळाकडे पाहिलं नाही, थर्मामीटरकडेही नाही. त्याची नजर कॉम्प्युटरवर गेली. त्यावर गोधडी होती.

आता आमच्या गावात टोस्टर असो, मिक्सर असो, बायका प्रत्येक वस्तूला तुकडे जोडून गोधडीचं टोपडं शिवतात. उघडी वस्तू दिसली की आमचे हात शिवशिवतात. सुझानाने कॉर्नीच्या शर्टांचे तुकडे जोडून कॉम्प्युटरला तसंच एक टोपडं शिवलं होतं.

“हे काय? इंजिनाला रजई? तीही जुलैत?” एब्राम गरजला.

“एब, पुढची आणि मागची बाजू उघडी आहे. हवा जाते. तीन वर्षं हेच आहे.”

“म्हणजे तीन वर्षं तू त्याचा गळा दाबते आहेस! अगं, ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर कधी घोंगडी टाकलेली पाहिलीस का? कॉर्नी असता तर...”

“अडतीस एक,” मी म्हणाले.

पण एकदा सुटलेली गाडी थांबते थोडीच. बायकांच्या शिवणकामावर, सुझानाच्या अकलेवर, तिने परस्पर केलेल्या सगळ्या गोष्टींवर त्याचं प्रवचन चांगलं दहा मिनिटं चाललं. सुझाना चाक फिरवत मान खाली घालून ऐकत होती. मला इतका संताप आला होता की हातात लाटणं असतं तर मी ते वापरलं असतं. शेवटी त्याने गोधडी ओढून जमिनीवर भिरकावली आणि कॉम्प्युटर चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसायला लागलं. एकसष्ट. एकोणसत्तर. अठ्ठ्याहत्तर. पंख्याचा आवाज चढत गेला. सत्त्याऐंशी. एक्क्याण्णव, आणि पडदा काळा.

“पिसं,” एब्राम म्हणाला. “पिसं अडकली असणार.”

हॅचरीत बारीक लव सगळीकडे उडते, तेव्हा हे पटण्यासारखं होतं. तो डबा दारात घेऊन गेला, हवेच्या पाइपने जाळी स्वच्छ केली. मूठभर निघाली. पुन्हा जोडलं, पुन्हा चालू. या वेळी बारा मिनिटं टिकला, आणि ब्याण्णवला मेला.

“अडतीस पाच, वरची रांग.” मी ओरडले. “एब, लवकर!”

“नळ आणखी उघडू का?” सुझानाने विचारलं.

“खालची गारठतील.”

ती रडत नव्हती. तिचे ओठ हलत होते, एवढंच. या हॅचरीखेरीज तिच्याकडे कॉर्नीचं असं काही उरलेलं नाही, आणि एका तडाख्यात चार हजार पिल्लं गेली तर तिची मुलं तिला ती बंद करायला लावणार होती. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आता एकच जागा उरली होती. एब्रामने स्क्रू काढले आणि प्रोसेसरवरची जाळी उचलली. मी काचेपासून मान वळवून पाहिलं. प्रोसेसर आणि जाळीच्या मध्ये एक राखाडी मलम लावायचं असतं, दोघांमधल्या बारीक फटी भरून उष्णता वर जावी म्हणून. तिथे मलमाचा थर होता. रविवारच्या पावावर आपण लोणी लावतो, तितका जाड. कडांनी बाहेर ओघळलेला, वाळून भेगा पडलेला.

फेब्रुवारीत एब्रामनेच तो लावला होता. बाहेर उणे तीस होतं, खोली गारठलेली, त्यामुळे थंडी होती तोवर डब्याने तक्रार केली नाही. ट्यूब पिळताना मी टॉर्च धरून शेजारी उभी होते. “ग्रीस जास्त झालं म्हणून कुठलं बेअरिंग मेलंय का?” असं तो तेव्हा म्हणाला होता. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण कुणाचं, तर बिचाऱ्या सुझानाचं.

त्याने फडक्याने तो थर पुसला. भराभरा, दोनदा, तीनदा. मग सुझानाकडे पाठ करून फडकं खिशात कोंबलं. मी पाहिलं. मी पाहिलेलं त्याने पाहिलं. मी पुन्हा काचेकडे वळले, कारण बोलायला लागले असते तर थांबले नसते.

पेटीतून त्याने नवी ट्यूब काढली, टोपण उघडलं आणि तिथेच थांबला. अंगठा ट्यूबवर, नजर त्या चकचकीत चौकोनावर. एवढ्या वर्षांत मी त्याचा हात असा अडखळलेला पाहिला नव्हता. किती लावायचं ते त्याला माहीत नव्हतं. कधीच माहीत नव्हतं.

“अडतीस आठ,” मी म्हणाले.

त्याने खिशातून फडकं काढून टेबलावर ठेवलं.

“सुझाना. गोधडीचा दोष नव्हता. माझ्या हाताचा होता, हे बघ. हिवाळ्यात ट्यूबबरोबर एक कागद होता...”

तिने चाक माझ्या हातात दिलं, खण ओढला आणि हात घालताच तो कागद बाहेर काढला. आमच्या सुझानाकडे लग्नातल्या ओव्हनचंही माहितीपत्रक जपलेलं असतं. तिने चष्मा न लावताच वाचलं.

“अर्ध्या वाटाण्याएवढा ठिपका. मधोमध. जास्त लावल्यास उष्णता अडते.”

“एवढुसा?”

“एवढुसाच. फेब्रुवारीतही वाचून दाखवलं होतं मी तुला, एब. दोनदा. ज्याला हात नाहीत त्याने कागद वाचावेत, असं म्हणाला होतास तू.”

तेव्हा त्या विनोदावर मी हसले होते. टॉर्च हलेल एवढी हसले होते.

एब्रामने ठिपका ठेवला आणि ट्यूब धरलेला हात तसाच ठेवून विचारलं, “पुरे?”

“पुरे,” सुझाना म्हणाली.

जाळी बसली, स्क्रू आवळले, पंखा फिरला. सत्तेचाळीस. त्रेपन्न. आम्ही तिघं त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे श्वास रोखून बघत होतो. सत्तावन्न. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. मग पाण्याचा नळ आपोआप खट्कन वाजला, आणि मी काचेकडे धावले. वरचा थर्मामीटर एकोणचाळीस दोनवरून खाली यायला लागला होता.

एब्रामने जमिनीवरची गोधडी उचलली, झटकली, घडी घातली. त्यातला एक निळा चौकटीचा तुकडा कॉर्नीच्या कामाच्या शर्टाचा होता. तो बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिला.

मंगळवारी अंडी फुटून पिल्लं बाहेर आली. खोली नुसत्या चिवचिवाटाने भरून गेली, एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. फक्त वरची रांग शांत होती. तीनशेच्या आसपास अंडी. सुझानाने एकदा वर पाहिलं आणि खालचे ट्रे उतरवून पिल्लं शेजारच्या खोलीत न्यायला घेतली. प्रवचनातली ती दहा मिनिटं मी मात्र मनात मोजत होते, आणि तोही मोजत असणार.

त्याने स्टूल ओढलं, दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढला, आणि वरच्या रांगेतलं पहिलं अंडं कानाला लावलं. मग दुसरं. उशिरा बाहेर येणारं पिल्लू असेल तर आतून बारीक आवाज येतो. एकेक अंडं तो उचलत होता, डोळे मिटून कानाशी धरत होता आणि डाव्या ट्रेमध्ये ठेवत होता. डावा ट्रे भरला, त्याने दुसरा मागितला. दीड तास झाला.

“एब, उतर आता,” सुझाना म्हणाली. “जाऊ दे.”

“पडशील, म्हाताऱ्या,” मी म्हणाले.

त्याने हात वर करून आम्हाला थांबवलं. अंडं कानाशी होतं.

“गप्प बसा दोघी,” तो म्हणाला. “ऐकू दे मला.”

आणि ते अंडं त्याने अगदी हलक्या हाताने उजवीकडे ठेवलं.